खोक्यावरचे ओहम आणि गाडीतले ओहम

या अंकासाठी आलेल्या पत्रांत गाडीतील ध्वनियंत्रणेविषयीची पत्रे इतकी निघाली की संपूर्ण सदर त्याच विषयाला देणे मला योग्य वाटले. पत्रलेखक पेडण्यापासून वास्कोपर्यंतचे आहेत आणि तक्रारी वेगवेगळ्या आहेत, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच चूक आढळते. स्पीकरच्या खोक्यावर छापलेला ओहमचा (विद्युत रोधाच्या एककाचा) आकडा वाचून खरेदी होते, परंतु स्टिरिओच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या एका चॅनलवर, म्हणजे एका स्पीकरसाठीच्या वाटेवर, प्रत्यक्षात किती ओहमचा भार येणार आहे, याचा हिशेब कोणी केलेला नसतो. हा हिशेब अवघड नाही. तो आधी केला तर पैसे वाचतात आणि गाणेही चांगले ऐकू येते, म्हणून पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या लहान गाडीत कंपनीने बसवलेला स्टिरिओ आणि चार स्पीकर आहेत. स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असे लिहिले आहे. मला फक्त स्पीकर बदलायचे आहेत. दुकानदाराने २ ओहमचे स्पीकर दाखवले आणि ‘ओहम जितके कमी, तितका आवाज जास्त’ असे सांगितले. दुसऱ्या एका दुकानात मात्र ४ ओहमचेच घ्या, असा सल्ला मिळाला. कोणाचे ऐकावे? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपण ४ ओहमचेच घ्यावेत. पहिल्या दुकानदाराचे म्हणणे पूर्णपणे खोटे नाही, मात्र ते आपल्या गाडीला लागू पडत नाही. त्याचे कारण समजून घेण्यासाठी आधी ‘५० वॅट’ या आकड्याकडे पाहावे लागेल.

स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर नसलेल्या गाडीत आवाज वाढवण्याचे सर्व काम स्टिरिओच्या आतील अंगठ्याएवढी एक चिप करते. इंजिन चालू असताना तिला बॅटरीकडून फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. १४.४ चा वर्ग केला आणि त्याला ४ ने भागले की ५१.८ येतात. ‘५० वॅट’ हा आकडा असा जन्माला येतो. चिपने एका क्षणी सगळेच्या सगळे व्होल्ट ४ ओहमच्या भारावर टाकले तर जी शक्ती निघेल, ती तेथे छापलेली असते. प्रत्यक्षात चिपच्या आतच दोनेक व्होल्ट खर्च होतात आणि संगीताची लहर सतत शिखरावर राहत नाही. त्यामुळे सलग व स्वच्छ मिळणारी शक्ती एका चॅनलला १८ ते २० वॅटच असते. यात कोणी कोणाला फसवले असे मी म्हणत नाही, मोजण्याची ती एक पद्धत आहे. मात्र खरेदी करताना आपण मनात १८ वॅट धरावेत.

आता २ ओहमचा स्पीकर जोडला असे समजू. व्होल्ट तेवढेच राहतात, रोध निम्मा होतो, म्हणजे विद्युतधारा दुप्पट होते. शिखरावर जेथे ३ अँपिअर वाहत होते, तेथे ६ अँपिअर वाहू लागतात. शक्ती दुप्पट झाली हे खरे, परंतु दुप्पट शक्तीने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि हा फरक कानाला जेमतेम कळतो. दुप्पट मोठा आवाज वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्या ३ डेसिबलच्या बदल्यात चिपमध्ये निर्माण होणारी उष्णताही दुप्पट होते. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभी असलेली गाडी उघडली की डॅशबोर्डला हात लावता येत नाही, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. त्याच डॅशबोर्डच्या मागे, वारा न लागणाऱ्या पेटीत ही चिप बसलेली असते. अशा ठिकाणी तिच्यावर दुप्पट भार टाकणे मला मुळीच मान्य नाही. काही चिप २ ओहमचा भार पेलण्यासाठीच बनवलेल्या असतात, पण तसे असेल तर गाडीच्या किंवा स्टिरिओच्या पुस्तिकेत ते लिहिलेले असते. बहुतेक पुस्तिकांत ‘४ ते ८ ओहम’ एवढेच सापडते. पुस्तिकेत जे लिहिले आहे, तेच प्रमाण मानावे.

दुकानात आणखी एका आकड्यामुळे गैरसमज होतो आणि तो आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे ठरावीक शक्ती दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो याचा असतो. काही कंपन्या १ वॅट देऊन एक मीटरवर मोजतात, तर काही २.८३ व्होल्ट देऊन. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॅट, ४ ओहमला २ वॅट आणि २ ओहमला ४ वॅट. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीने मोजलेला २ ओहमचा स्पीकर, तितक्याच गुणाच्या ४ ओहमच्या स्पीकरपेक्षा कागदावर ३ डेसिबलने सरस दिसतो. तो सरस नसतो, त्याला फक्त जास्त शक्ती दिलेली असते. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचे मोजमाप एकाच पद्धतीने झाले आहे ना, हे विचारून घ्यावे.

बाजारात ३ ओहमचेही चांगले स्पीकर मिळतात. कंपनीच्या बारीक आणि लांब वायरींचा रोध त्यात मिसळून भार ४ च्या जवळ जातो, असा त्यामागचा विचार आहे. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची वायर जाऊन-येऊन १० मीटर असेल तर तिचा रोध सुमारे ०.३५ ओहम भरतो, म्हणजे हा विचार निराधार नाही. बेताच्या आवाजात ऐकणाऱ्याने ३ ओहमचे घेतले तर मी आडवा येणार नाही, मात्र त्याच वायरीवर दुसरे काहीही जोडू नये.

प्रश्न : आम्ही मागच्या काचेखालच्या ट्रेवर लांबट ‘सहा बाय नऊ’ स्पीकर बसवून घेतले. मागच्या दारांतले कंपनीचे स्पीकर तसेच ठेवले आहेत. गावात फिरताना काही वाटत नाही, परंतु चोर्ला घाटातून बेळगावला जाताना अर्ध्या तासाने आवाज अचानक बंद होतो आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो. मेकॅनिक म्हणतो, स्टिरिओ गेला, नवा घ्या. खरोखरच बदलावा लागेल का? – एक वाचिका, साखळी

उत्तर : आपला स्टिरिओ बहुधा ठणठणीत आहे. तो स्वतःला वाचवत आहे. चिप ठरावीक तापमानापलीकडे गेली की आतील संरक्षक सर्किट तिला बंद करते आणि ती थंड झाली की पुन्हा चालू करते. आपण वर्णन केलेली खूण नेमकी तीच आहे.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीत हेच घडले होते. ट्रेवरचे स्पीकर एका दुकानात बसवून घेतले, घाईत होतो म्हणून वायरिंग पाहिले नाही. पहिल्याच लांबच्या प्रवासात आवाज बंद पडू लागला. घरी येऊन स्टिरिओ बाहेर काढला, मागचा कपलर (वायरींचा प्लग) सोडवला आणि मल्टिमीटरच्या (रोध मोजणाऱ्या यंत्राच्या) दोन सुया आधी एकमेकींना टेकवल्या. आकडा आला ०.३, म्हणजे मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध. मग त्या सुया मागच्या डाव्या स्पीकरच्या दोन पिनांना लावल्या. आकडा आला २.०. त्यातून ०.३ वजा केले की उरले १.७ ओहम. चार ओहमची अपेक्षा असलेल्या चॅनलवर १.७ ओहमचा भार! ट्रे उचलून पाहिल्यावर उलगडा झाला. कारागिराने दारात जाणाऱ्या वायरीची साल मध्येच सोलून, तिला ट्रेची वायर पिळून, वर काळी टेप गुंडाळली होती. दारातला ४ ओहमचा आणि ट्रेवरचा ३ ओहमचा, असे दोन्ही स्पीकर समांतर जोडले गेले होते.

समांतर जोडणीचा हिशेब असा आहे. दोन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला दोन्हींच्या बेरजेने भागावे. ४ आणि ४ असतील तर १६ भागिले ८, म्हणजे २ ओहम. ४ आणि ३ असतील तर १२ भागिले ७, म्हणजे १.७ च्या आसपास. आपल्या मागच्या दोन्ही चॅनलवर असाच भार असणार. घाटात गाडीचा आवाज वाढतो, म्हणून आपणही गाण्याचा आवाज वाढवता आणि अर्ध्या तासात चिप तापते.

येथे मोजमापाविषयी एक गोष्ट सांगतो. शास्त्रज्ञ ओहम यांचा १८२७ सालचा नियम सरळ रोधाविषयीचा आहे. स्पीकरच्या बाबतीत आपण बोलतो ते इम्पीडन्सविषयी, म्हणजे बदलत्या धारेला होणाऱ्या एकूण विरोधाविषयी, आणि हा शब्द ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ साली वापरात आणला. दोन्ही ओहममध्येच मोजतात, पण इम्पीडन्स स्वराच्या उंचीनुसार बदलतो. दारातला ४ ओहमचा स्पीकर आपल्या नैसर्गिक कंपनाजवळ, खालच्या स्वरांत, १५–२० ओहमपर्यंत चढतो आणि मधल्या स्वरांत पुन्हा चारच्या खाली उतरतो. खोक्यावरचा ‘४’ हा नाममात्र आकडा असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्यक्ष इम्पीडन्स कोठेही नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ४ ओहमच्या स्पीकरला ३.२ पर्यंत मुभा आहे. मल्टिमीटर फक्त कॉइलचा (स्पीकरच्या आतल्या तारेच्या वेटोळ्याचा) सरळ रोध दाखवतो, त्यामुळे ४ ओहमच्या निरोगी स्पीकरवर ३.२ ते ३.७ असा आकडा दिसला तर घाबरू नये. १.७ दिसला तर मात्र थांबावे.

उपाय म्हणून आपण दारातले मागचे दोन्ही स्पीकर सोडवून टाकावेत. ट्रेवरचे चांगले असतील तर त्यांची उणीव भासत नाही. आपल्या पत्रावरून एवढे पुरेसे आहे असे मला वाटते. दोन्ही ठेवण्याचा आग्रह असेल तर एकामागून एक, म्हणजे सरीत जोडता येतात. तेव्हा भार ४ अधिक ४, म्हणजे ८ ओहम होतो आणि चिप सुरक्षित राहते. परंतु एकूण शक्ती निम्मी होते आणि ती दोघांत वाटली जाऊन प्रत्येकाच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. शिवाय दोन वेगळ्या बनावटीच्या स्पीकरचा इम्पीडन्स वेगवेगळ्या स्वरांना वेगवेगळा बदलत असल्याने व्होल्टची वाटणीही प्रत्येक स्वराला निराळी होते आणि आवाज विस्कटतो. सरीत जोडणी करायचीच असेल तर दोन्ही स्पीकर अगदी एकाच मॉडेलचे असावेत.

पुढे कधी चार चॅनलचा अ‍ॅम्प घेतलात आणि त्याला स्टिरिओच्या स्पीकर वायरींतूनच सिग्नल दिला, तर एक काळजी अवश्य घ्यावी. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. त्यांपैकी काळ्या पट्ट्याची वायर ‘निगेटिव्ह’ समजून गाडीच्या बॉडीला जोडली (अर्थिंग केली) तर चिप एका क्षणात निकामी होऊ शकते.

प्रश्न : पुढच्या दारांत नवे कोॲक्शियल स्पीकर बसवल्यापासून आवाज कर्कश झाला आहे. नाट्यसंगीत ऐकताना पूर्वीचे स्पीकरच बरे होते, असे वाटते. स्पीकर तर नामांकित कंपनीचे आणि ४ ओहमचे आहेत. – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या गाडीत आरशाजवळच्या त्रिकोणी तुकड्यात किंवा पुढच्या खांबावर लहान जाळी आहे का, ते आधी पाहावे. असेल तर तिच्यामागे कंपनीचा ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा लहान स्पीकर आहे. तो एका लहान कपॅसिटरमधून (खालचे स्वर अडवणाऱ्या भागातून) दारातल्या स्पीकरशी समांतर जोडलेला असतो. पूर्वी दारात फक्त खालचे व मधले स्वर वाजवणारा स्पीकर होता आणि वरचे स्वर ट्विटरकडे होते. दोघांनी काम वाटून घेतल्यामुळे दोन्ही ४ ओहमचे असूनही चॅनलला भार ४ चाच दिसत असे. आपण आणलेल्या कोॲक्शियलच्या मध्यभागी स्वतःचा ट्विटर आहे. आता वरचे स्वर दोन-दोन ट्विटर एकदम वाजवत आहेत, तेही वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणि त्या पट्ट्यात भार २ ओहमच्या आसपास आला आहे. वरच्या स्वरांत शक्ती थोडी असते, त्यामुळे स्टिरिओ बंद पडत नाही. परंतु तंबोऱ्याची जवारी कानाला टोचू लागते, गायकाचा ‘स’ सुईसारखा येतो आणि डग्ग्याचा घुमारा मागे पडतो.

ही चूक मल्टिमीटरने सापडत नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. मीटर सरळ विद्युतधारा सोडतो आणि कपॅसिटर तिला अडवतो, त्यामुळे ट्विटर मीटरच्या दृष्टीने तेथे नसतोच आणि आकडा ३.४ असा निर्दोष दिसतो. ती जाळी काढून, कपलर सुटा करून ऐकणे, हाच मार्ग आहे. पाच मिनिटांचे काम आहे आणि एक पैसाही खर्च नाही. कोॲक्शियलच हवेत असा आग्रह नसेल तर त्याऐवजी कंपोनंट संच (ट्विटर वेगळा असलेला) घ्यावा, त्याचा ट्विटर कंपनीच्या ट्विटरच्या जागी बसवावा आणि संचाबरोबर आलेला क्रॉसओव्हरच (स्वरांची वाटणी करणारा भाग) वापरावा. फोंडा परिसरात नाट्यगीत आणि अभंग ऐकणारा कान घरोघरी आहे. त्या कानाला माझ्या मते हाच संच समाधान देईल.

प्रश्न : माझ्या गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीकडूनच नामांकित ब्रँडची ध्वनियंत्रणा आणि सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आला आहे. दारातला एक स्पीकर फाटला. मोजला तर १.८ ओहम आला. त्या जागी ४ ओहमचा चांगला स्पीकर बसवला तर सुरक्षित असेल ना? – एक वाचक, मडगाव

उत्तर : सुरक्षित असेल, पण समाधानकारक नसेल. पहिल्या उत्तरातील सल्ला येथे उलट लागू होतो आणि म्हणूनच सरसकट नियम सांगणाऱ्यांवर विसंबू नये, असे मी म्हणतो.

बोस, हरमन, जेबीएल, सोनी अशा नावांच्या यंत्रणा आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही येतात. अशा अनेक यंत्रणांत २ ओहमचे, क्वचित त्याहूनही कमी ओहमचे स्पीकर असतात. बॅटरीचे व्होल्ट वाढवता येत नाहीत, म्हणून ओहम कमी करून जास्त शक्ती मिळवण्याचा तो मार्ग आहे, आणि कंपनीने अ‍ॅम्प त्या प्रवाहासाठीच बनवलेला असतो. आपला १.८ हा सरळ रोध म्हणजे २ ओहमचा स्पीकर. तेथे ४ ओहमचा बसवला की त्या दाराला निम्मी शक्ती मिळेल. ती बाजू दुसरीपेक्षा ३ डेसिबलने खाली जाईल आणि समोर बसलेला गायक एका बाजूला सरकल्यासारखा वाटेल.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. या अ‍ॅम्पमध्ये प्रत्येक स्पीकरसाठी स्वतंत्र चॅनल आणि त्या विशिष्ट स्पीकरच्या, त्या विशिष्ट दाराच्या उणिवा झाकणारी स्वरांची जुळणी (इक्वलायझेशन) आधीच भरलेली असते. मूळ स्पीकर जेथे कमी पडतो तेथे अ‍ॅम्प आवाज उचलतो. तुम्ही उत्तम स्पीकर लावलात तरी अ‍ॅम्प ती भर घालतच राहतो आणि परिणाम विचित्र होतो. म्हणून एकच फाटला असेल तर कंपनीचाच भाग मागवावा, तो महाग असला तरीही. सगळे बदलायचे असतील तर दोन्ही बाजूंचे जोडीने, २ ओहमचे आणि त्याच मापाचे घ्यावेत. कंपनीचा अ‍ॅम्प बाजूला काढून नवा बसवणे हा तिसरा मार्ग आहे. त्यात स्टिरिओ, पार्किंगचे बीप, फोनचा आवाज हे सगळे एकमेकांत गुंतलेले असल्याने तो जाणत्याच्या हातूनच करून घ्यावा आणि मूळ वायर न कापता, मिळणाऱ्या जोड कपलरवरच करावा. वायर कापली की वॉरंटीचा वाद सुरू होतो.

प्रश्न : घरी जुन्या म्युझिक सिस्टिमचे ८ ओहमचे स्पीकर पडून आहेत. गाडीत चालतील का? – एक वाचक, कुडचडे

उत्तर : स्टिरिओला धोका नाही, पण मिळणारी शक्ती निम्मी होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरचा स्पीकर विशिष्ट मापाच्या लाकडी पेटीसाठी बनवलेला असतो. दारात त्याचा खालचा स्वर पोकळ येतो, आणि कागदी कोन पहिल्या पावसाळ्यात भिजून सुटतो. घरातच एखाद्या खोलीत लावावेत.

प्रश्न : माझ्या सबवूफरला (अगदी खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला) ४-४ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल आहेत. चार चॅनलच्या अ‍ॅम्पचे मागचे दोन चॅनल ब्रिज करून तो चालवला आहे. पंधरा मिनिटांत अ‍ॅम्पवर लाल दिवा लागतो आणि जळका वास येतो. अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत ‘२ ओहमपर्यंत चालेल’ असे स्पष्ट लिहिले आहे. – एक वाचक, वास्को

उत्तर : कृपया हे उत्तर वाचून होईपर्यंत अ‍ॅम्प चालू करू नये. पुस्तिकेत त्याच ओळीखाली ‘ब्रिज केल्यास किमान ४ ओहम’ असेही लिहिलेले असणार, ते पाहावे.

दोन चॅनल ब्रिज केले की स्पीकरच्या एका टोकाला एक चॅनल ढकलतो आणि दुसऱ्या टोकाला दुसरा ओढतो. त्यामुळे प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्माच भार दिसतो. आपल्या कारागिराने दोन्ही कॉइल समांतर जोडल्या आहेत, असे लक्षणांवरून दिसते. ४ आणि ४ समांतर म्हणजे २ ओहम, आणि ब्रिजमुळे प्रत्येक चॅनलला १ ओहम. जो २ पर्यंतच पेलतो, त्याला १ दिला आहे. लाल दिवा त्याचाच आहे.

आज लगेच करण्यासारखे म्हणजे दोन्ही कॉइल सरीत जोडाव्यात. पहिल्या कॉइलचा निगेटिव्ह दुसऱ्या कॉइलच्या पॉझिटिव्हला जोडला आणि उरलेली दोन टोके अ‍ॅम्पला दिली की भार ८ ओहम होतो. शक्ती कमी मिळेल, पण अ‍ॅम्प जगेल. एकच कॉइल जोडून दुसरी मोकळी ठेवू नये, कारण उष्णतेचा सगळा बोजा जोडलेल्या कॉइलवर पडतो. सबवूफर बदलून मिळत असेल तर २-२ ओहमच्या कॉइलचा घ्यावा. तो सरीत ४ ओहमचा होतो आणि आपल्या ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पला नेमका तोच भार हवा आहे. सबवूफर आवडता असेल तर २ ओहम पेलणारा एक चॅनलचा अ‍ॅम्प घेऊन त्यावर कॉइल समांतर जोडाव्यात.

बॅटरीकडून येणारी जाड वायरही पाहून घ्यावी. ५०० वॅट देणारा चांगला डी वर्गाचा (कमी तापणाऱ्या प्रकारचा) अ‍ॅम्प पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास खेचतो. त्या वायरीवर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज नसेल तर वायर कोठेतरी घासून बॉडीला टेकताच गाडी पेटू शकते. फ्यूज डिकीत अ‍ॅम्पजवळ बसवून त्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण मधली सगळी वायर असुरक्षित राहते.

प्रश्न : आमचे घर समुद्राजवळ आहे. दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या स्पीकरपैकी डाव्या दारातला आता अगदी मंद वाजतो. दार जोरात लावले की क्षणभर नीट होतो. दुकानदार म्हणतो, स्पीकरचे ओहम वाढले, बदलावा लागेल. ओहम असे वाढतात का? – एक वाचिका, पेडणे

उत्तर : स्पीकरचे ओहम असे वाढत नाहीत. कॉइल जळते तेव्हा ती बहुधा तुटते आणि मीटर काहीच दाखवत नाही, किंवा तिचे वेढे एकमेकांना चिकटून आकडा उलट कमी होतो. वाढतो तो जोडाचा रोध. दार आपटल्यावर आवाज सुधारतो, या आपल्याच निरीक्षणात उत्तर आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर अशाच एका किनाऱ्याजवळच्या गाडीचे दार मी उघडले होते. स्टिरिओच्या कपलरवर मोजले तेव्हा ९ ओहम आले आणि थेट स्पीकरच्या टोकांवर ३.५. वायरीचे ०.२ धरले तरी पाच ओहमहून अधिक मध्येच कोठेतरी अडकले होते. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून वायर मागे खेचली, तर पिळून टेप लावलेला जोड हातात आला. टेपचा डिंक ओघळला होता आणि आतले तांबे हिरवट पुडीने भरले होते. बोटांनी दाबताच काही तारा तुटून पडल्या. ३.७ ओहमच्या जागी ९ ओहम झाले की स्पीकरला मूळ शक्तीचा जेमतेम सहावा हिस्सा पोहोचतो. स्पीकर निर्दोष होता, आणि तो टाकून नवा घेतला असता तरी आवाज तसाच मंद राहिला असता.

खारी हवा, पाऊस आणि दाराची उघडझाप यांत पिळलेला जोड टिकत नाही. तो कापून टाकून, कलई केलेली तांब्याची वायर घ्यावी, धातूच्या छोट्या नळीत दाबून (क्रिंप करून) किंवा सोल्डर करून जोड द्यावा आणि वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवावी. जोड शक्यतो बिजागरीच्या नळीत येऊ देऊ नये, दाराच्या आत कोरड्या बाजूला ठेवावा. स्पीकरच्या टोकांवरचे लगही काढून घासून घ्यावेत. वायर पुन्हा लावताना धन-ऋण टोके उलटी होऊ देऊ नयेत. शंका असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला असेल तर कोन बाहेर येतो. एक दार उलटे जोडले गेले तर दोन्ही दारांतला खालचा स्वर एकमेकाला खाऊन टाकतो.

दार बंद करण्यापूर्वी आतल्या प्लास्टिकच्या पडद्याकडे पाहावे. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरणे स्वाभाविक आहे. ते दाराच्या तळच्या छिद्रांतून बाहेर जावे आणि आतल्या बाजूला येऊ नये, यासाठी कंपनीने तो पडदा चिकटवलेला असतो. स्पीकर बदलताना पुष्कळ कारागीर तो फाडतात आणि तसाच लोंबता ठेवतात. त्याच्या कडा काळ्या चिकट ब्युटाइल पट्टीने पुन्हा बंद कराव्यात, फाटला असेल तर जाड प्लास्टिकचा नवा कापून लावावा आणि आवाज घट्ट करण्यासाठी डॅम्पिंग शीट बसवली असेल तर तिच्याखाली तळची छिद्रे झाकली गेलेली नाहीत, हे काडी घालून तपासावे.